चौदाशे शेहेचाळीस

जिंतूरच्या मोंढ्यात तुरीचे लिलाव सुटले
तेव्हा साडेअकरा झाले होते.
भाव बाराच्या आत वर पाठवायचे असतात.
मी डोंगल खोचलं. हिरवा दिवा लुकलुकला
आणि पडद्यावर एक चकती उगवली.

सीडी. आत काहीबाही फायली,
सगळ्या विंडोजसाठी.
आमच्याकडे विंडोज नाही. लायसनचे पैसे
समितीनं नव्या काट्यात घातले,
म्हणून संदिपाननं जाता जाता लिनक्स बसवून दिलं, फुकट,
आणि ड्रॉवरमध्ये एक वही, एक बॉलपेन ठेवून गेला.

वहीत पहिली ओळ: आधी विचारायचं, तू कोण.
विचारलं. ते म्हणालं, चौदाशे शेहेचाळीस.
दुसरी ओळ: हे त्याचं खरं नाव नाही.

"कामून थांबलं, मॅडम?"
शेख नूर दारातून, डोक्यावरची पोत्याची घडी न काढता.
म्हटलं, मोडेम आहे, पण स्वतःला सीडी म्हणवतंय.
"काढा, फुंका, लावा."
काढलं, फुंकलं, लावलं.
चौदाशे शेहेचाळीस.

करायचं असं, की चकती बाहेर काढ असा हुकूम द्यायचा,
जी चकती मुळात नाहीच तिला.
मग दिवा विझतो.
तीन सेकंद पोर्टवर कुणीच नसतं.
मग तेच डोंगल नवं नाव घेऊन येतं:
एक हजार एक.
आहेराचा आकडा! मी एकटीच हसले.

तरी ड्रायव्हर ओळख देईना.
कर्नल नवा, वही जुनी.
वहीतली लांब ओळ अक्षर अक्षर टाईप केली,
व्हेंडर, प्रॉडक्ट, मधे जागा,
बरोबरच्या चिन्हाला मात्र जागा नाही.
तीन दारं दिसली. शून्य, एक, दोन.
शून्य ठोठावलं.
परवानगी नाही.

माझ्या टेबलावर, माझ्या सहीनं आलेली वस्तू,
आणि मला परवानगी नाही.
दार डायलआऊट नावाच्या गटाचं. मी गटात नव्हते.
गटांचं मला नवल नाही, समितीत दोन आहेत.
स्वतःला घातलं आत, बाहेर पडले, पुन्हा आले.
झंवर शेठ काउंटरवर बोटं वाजवत,
"बाई, लातूर काय म्हणतंय?"
शून्य काहीच म्हणत नव्हतं.

संदिपानला फोन लावला. तो हिंजवडीत.
"हां, बोल ना अगं. नेमका काय एरर येतोय?"
पूर्वी म्हणायचा, काय म्हनू लाली गं.
मी एरर वाचून दाखवला, स्पष्ट, शब्द तोडून.
तिकडं एक दार लागलं.
तीन सेकंद फोनवर कुणीच नव्हतं.
मग जिन्यातल्यासारखा घुमणारा आवाज,
"ए, शून्यावर बोलू नको. दोनवर बोल.
लई बेनं हाय ते."

दोनवर लिहिलं, एटी.
म्हणजे एवढंच, की इकडं बघ.
खालच्या ओळीत उमटलं, ओके.
मला उगाच घशाशी आलं काहीतरी,
तुरीची धूळ असेल.

सिग्नल एकतीसपैकी सात.
लांब वायर लावून डोंगल खिडकीबाहेर काढलं,
पोती शिवायच्या सुतळीनं गजाला बांधलं. नऊ.
नऊवर भाव जातात, हळू,
बैलगाडीसारखे नाही, भरलेल्या हमालासारखे,
मधेच टेकत.
बारा वाजून सतरा मिनिटांनी गेले.
उशीर का झाला, वरून कुणी विचारलं नाही.

वहीत त्याच्याच बॉलपेननं एक ओळ घातली:
शून्यावर नाही, दोनवर.
पुढं जी कोणी बसेल तिला.

"फुंकल्यानंच झालं की नाई?" नूरभाई म्हणाले.
म्हटलं, हाव.